अ‍ॅरनची प्रदक्षिणा: किनारा सायकलनं, डोंगर पायी

उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे ग्लासगोला आलेले आईवडील, आणि इथंच नोकरीला असलेली आपली मंडळी, मला एक प्रश्न हमखास विचारतात: "तीन-चार दिवस मोकळे आहेत, कुठं जाऊ?" स्काय बेटाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ग्लासगोहून तिथं पोचण्यातच जवळजवळ एक दिवस जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे. अ‍ॅरन बेटावर जा. गाडी घरी ठेवा, सायकली घ्या, आणि चार दिवस पुरेसे आहेत असं धरून सावकाश फिरा.

मी एअरशायरच्या किनाऱ्यावर राहते. हवा स्वच्छ असली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून अ‍ॅरनवरच्या गोट फेल डोंगराचं टोक दिसतं. नाशिकला वाढले, त्यामुळे अंजनेरी आणि हरिहर पायाखालचे. पोटापाण्याचा धंदा फिजिओथेरपीचा, म्हणजे दिवसभर लोकांचे गुडघे. म्हणून या लेखात डोंगराइतकंच गुडघ्यांबद्दलही येईल.

अ‍ॅरन हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला क्लाइडच्या खाडीतलं बेट. साधारण ३० किलोमीटर लांब, १६ रुंद, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. बेटाच्या मधून हायलँड बाउंडरी फॉल्ट हा मोठा भूभ्रंश जातो. त्यामुळे उत्तरेला ग्रॅनाइटचे उघडे सुळके आणि दक्षिणेला कुरणं, शेतं, हिरव्या टेकड्या. किनाऱ्याकिनाऱ्यानं बेटाला वेढा घालणारा रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा आहे. दणकट सायकलवाले तो एका दिवसात मारतात. तुम्ही मारू नका. रस्त्यावरून बेटाची कड तेवढी दिसते. उभे पाषाण, धबधबे, गुहा, हरणं, ओस पडलेली गावं हे सगळं रस्त्यापासून अर्धा-पाऊण तास आत आहे आणि तिथं सायकल टेकवून चालतच जावं लागतं. रोज २५-३० किलोमीटर सायकल आणि दोन-तीन तास चाल, हे प्रमाण मला सगळ्यात पटलेलं आहे.

केव्हा जायचं

मे आणि जून. या दिवसांत पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो आणि जूनच्या मध्यावर सूर्य रात्री दहाला मावळतो, त्यामुळे अंधार पडेल ही धास्तीच राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळांना सुट्टी, खोल्या भरलेल्या, आणि चिलटं पूर्ण जोमात. इथली चिलटं म्हणजे मिज. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी बारीक, पण चावतात झुंडीनं. वारा असला की ती उडूच शकत नाहीत. पडलेला वारा, ढगाळ संध्याकाळ, ओढ्याकाठची ओल, ही त्यांची वेळ आणि जागा. दहा पौंडांच्या आत डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते, ती पिशवीत असू द्या. आणि डबा खायला बसताना आडोसा शोधू नका, वाऱ्याची जागा शोधा.

पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. आपल्याकडचा पोंचो इथं आणू नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि सायकल हातात राहत नाही. अंगाबरोबर बसणारं, टोपीचं, शिवणी बंद केलेलं जॅकेट घ्या. सुती बनियन आणि जीन्स घरी. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. पॉलिस्टर किंवा लोकरीचा पातळ थर आत, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट. सलवार-कुर्ता चालेल, ओढणी नको. ट्रॅकपँटचा उजवा पाय मोज्यात खोचा, चेन त्याच बाजूला असते.

सायकल आणि तिची सीट

स्वतःची सायकल नसेल तर ब्रॉडिकला भाड्यानं मिळते, इलेक्ट्रिकसुद्धा. जूनपासून पुढं आधी फोन करून ठेवा. कमानी हँडलची बारीक टायरवाली रेसिंग सायकल घेऊ नका. बेटाच्या पश्चिमेच्या रस्त्यावर खड्डे आणि ठिगळं पुष्कळ आहेत. टायर जाड, निदान ३२ मिलिमीटरचा, आणि पुढं सगळ्यात हलका गियर असलेली साधी हायब्रिड उत्तम.

दुकानातून निघण्याआधी पाच मिनिटं सीटवर घालवा, कारण दुकानदार ती अंदाजानं बसवतो. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा अगदी सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र त्या बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवा, गुडघ्यात आपोआप थोडासा बाक येईल. ही तुमची उंची. माझ्याकडे सायकलमुळे गुडघा धरला म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांची सीट खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. तसं चालवलं की वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं. सीट फार वर असेल तर गुडघ्याच्या मागं. पहिल्या दहा किलोमीटरांत यातलं काही जाणवलं तर थांबा, बोटभर वरखाली करा.

वय झालंय, शाळेनंतर सायकलला हात लावला नाही, असं असेल तर इलेक्ट्रिक घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. माझे मोठे दीर सांगलीहून आले होते, पासष्टी उलटलेले, त्यांनी याच सायकलवर सगळा फेरा केला आणि प्रत्येक चढावर माझ्या पुढं होते. बॅटरीची मदत सपाटीवर बंद ठेवा, चढासाठी राखा. समोरून वारा आणि चढ एकत्र आले की ती भराभर उतरते. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री चार्जिंगची सोय आहे ना, ते खोली ठरवतानाच विचारा.

सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे पान्हे, छोटा पंप, आणि पुढं-मागं दिवे. हेल्मेट इथं कायद्यानं सक्तीचं नाही, तरी घालाच.

बोट

ग्लासगो सेंट्रलहून रेल्वेनं किनाऱ्याला, तिथून बोटीनं ब्रॉडिकला. बोट आर्ड्रॉसनहून सुटते किंवा ट्रूनहून. ही दोन वेगळी गावं आहेत, म्हणून तिकीट काढताना बंदराचं नाव नीट वाचा आणि त्याप्रमाणे गाडी पकडा. आर्ड्रॉसनहून तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ लागतो, ट्रूनहून थोडा जास्त. रेल्वेत आणि बोटीत सायकलचं वेगळं भाडं पडत नाही. उन्हाळ्यात मोटारीची जागा बोटीवर आठवडेच्या आठवडे आधी भरते. पायी आणि सायकलवाल्यांना ती चिंता फारशी नसते. गाडी घरी ठेवा म्हणते, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

बोटीवर सायकल खाली मोटारींच्या मजल्यावर जाते. कर्मचारी दाखवतील त्या कठड्याला दोरीनं बांधायची. जेवणाचा डबा, औषधं, गरम कपडे काढून वर न्या, कारण बोट सुटली की उतरेपर्यंत खालच्या मजल्यावर जाऊ देत नाहीत. आणि वर गेल्यावर काचेआड बसू नका, डेकवर उभे राहा. ब्रॉडिकचा उपसागर, किल्ल्याची झाडी आणि त्यावर उभं गोट फेल असं एकदमच समोर येतं.

जोराचा वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. परतीच्या बोटीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे विमान, असा बेत करू नका. मध्ये निदान एक रात्र ठेवा.

घड्याळाच्या दिशेनं

ब्रॉडिकच्या धक्क्यावर उतरल्यावर डावीकडं वळा, म्हणजे दक्षिणेकडं. प्रदक्षिणेसारखं, गोट फेल कायम उजव्या हाताला ठेवून फिरायचं. मी हे श्रद्धेनं सांगत नाही, वाहतूक इथंही आपल्यासारखी डाव्या बाजूनं चालते. या दिशेनं गेलं की समुद्राची कड तुमच्याच बाजूला राहते. थांबायचं, फोटो काढायचा, सील हा समुद्री प्राणी बघायचा, तर रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरं म्हणजे इथं बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिणेचे चढउतार पहिल्या दीड दिवसात ताज्या पायांनी उरकतात आणि मग पश्चिमेचा लांब सपाट किनारा पाठीवर वारा घेऊन मिळतो. सकाळी हवामानखात्याचा अंदाज बघा. वारा उत्तरेचा सांगितला असेल तरच उलटे जा.

पहिला दिवस ब्रॉडिक ते किल्डॉनन, साधारण २० किलोमीटर. आकडा लहान दिसतो, पण ब्रॉडिक सोडलं की लगेच चढ आहे. खरेदी आधी करा, को-ऑपचं दुकान ब्रॉडिकला आहे, पुढं लॅम्लॅशलाही आहे, त्यानंतर मोठं दुकान लागत नाही. चढाला लागण्याच्या आधीच गियर हलका करा. चढात जोर लावून बदलायला गेलं की चेन कडकडते, कधी उतरते. पाय भरभर फिरले पाहिजेत, मांडीनं ढकलायला लागलात तर गियर जड आहे. आणि दमलात तर उतरून ढकलत चला, खाली उतरून चालण्यात काही बिघडत नाही.

माथ्यावरून लॅम्लॅशचा उपसागर दिसतो आणि त्याच्या तोंडाशी होली आयल. सहाव्या शतकात मोलाइस नावाचा संत तिथल्या गुहेत राहत असे. १९९२ साली ते बेट तिबेटी बौद्ध संघानं विकत घेतलं. लॅम्लॅशहून उन्हाळ्यात छोटी होडी जाते, समुद्र शांत असेल तर. सायकल अलीकडंच ठेवायची. ३१४ मीटरचा माथा चढून उतरायला तीनेक तास धरा. तिथं दारू आणि कुत्री नेत नाहीत, तो नियम मनापासून पाळा. एक दिवस जास्तीचा असेल तर तो इथं घालवा, असं मी सांगेन. याच उपसागराच्या एका भागात २००८ पासून मासेमारी पूर्ण बंद आहे. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं लावून धरून ते करून घेतलं आणि स्कॉटलंडमधलं ते असं पहिलं क्षेत्र ठरलं.

लॅम्लॅशच्या किनाऱ्यावर आणखी एका गोष्टीपाशी थांबा. १८२९ साली ड्यूक ऑफ हॅमिल्टनच्या जमिनीवरची सॅनॉक्सच्या बाजूची कुळं मेंढ्यांसाठी हुसकावली गेली आणि त्यातली बरीच माणसं 'कॅलेडोनिया' जहाजानं इथून कॅनडात क्वेबेकला गेली. त्यांचं स्मारक इथं आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याच सॅनॉक्सवरून जाणार आहात. तिथली मोकळी दरी बघताना हे ठाऊक असलेलं बरं.

व्हाइटिंग बेच्या दक्षिण टोकाला सायकल कुलूप लावून ठेवा आणि ग्लेनअ‍ॅशडेलच्या धबधब्याकडं चाला. ओढ्याच्या कडेनं झाडीतून वाट, दोन टप्प्यांत कोसळणारं पाणी, समोर लाकडी कठडा. त्याच वाटेला जोडून जायंट्स ग्रेव्हज ही नवाश्मयुगातली थडगी आहेत, तिथं जाताना पायऱ्या बऱ्याच लागतात. दोन्ही मिळून अडीच तास. पायांना अजून सायकलचा शीण चढलेला नसतो, म्हणून ही चाल पहिल्याच दिवशी बसते.

किल्डॉननला मुख्य रस्ता सोडून खाली समुद्राकडं उतरावं लागतं आणि सकाळी तेवढंच परत चढावं लागतं. तरी मुक्काम इथंच करा. ओहोटीला समोरच्या खडकांवर सील पडलेले असतात. पलीकडं प्लॅडाचं दीपगृह, १७९० चं, आणि मागं समुद्रातून वर आलेला एल्सा क्रेग. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे दगड त्याच बेटाच्या ग्रॅनाइटचे करतात.

दुसऱ्या दिवशी लॅगवरून ब्लॅकवॉटरफुट आणि पुढं माख्री, जमलं तर थेट लॉखरॅन्झा. लॅगपाशी रस्ता एकदम खाली दरीत उतरतो आणि वळणावळणानं वर येतो. घाटात सायकल चालवलेल्याला हे नवं नाही. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, दाब-सोड करा. पाऊस असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक लावा. रिमचे ब्रेक असतील तर चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात आणि त्यानंतर वेग कमी व्हायला लागतो.

अरुंद रस्त्यावर जागोजागी मोटारींना बाजू देण्यासाठी रुंद जागा केलेल्या असतात. मागं गाडी तुंबली तर तिथं थांबा आणि हात करून पुढं जाऊ द्या. चालकही हात करतो, तुम्हीही करा. बेटावर हा रिवाज आहे.

माख्रीचे पाषाण आणि राजाची गुहा

माझ्या मते बेटावरची सगळ्यात मोठी जागा माख्री मूर. रस्त्याच्या कडेला छोटा वाहनतळ आहे, तिथून शेतातल्या मातीच्या वाटेनं दोन-अडीच किलोमीटर आत. फाटकं येतील तशी लावून घ्या, मेंढ्या आहेत. वाटेत पहिलं छोटं वर्तुळ लागतं, तेच ते, असं समजून लोक परत फिरतात. फिरू नका. पडक्या शेतघराच्या पुढं गेलं की माळ उघडतो आणि तांबड्या वालुकाश्माचे तीन उभे पाषाण दिसतात, त्यातला सगळ्यात उंच पाच मीटरच्या घरात. आसपास सहा वर्तुळं आहेत, चार हजार वर्षांपूर्वीची, आणि उत्खननात कळलं की दगडांच्या आधी त्याच जागी लाकडी खांबांची वर्तुळं होती. एक वर्तुळ दुहेरी आहे, बुटक्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचं. त्यातल्या एका धोंड्याला आरपार भोक आहे. फिंगल हा दंतकथेतला वीर तिथं आपला ब्रान नावाचा कुत्रा बांधायचा असं सांगतात.

इथं घाई करू नका. जवळ जाऊन बघितलं तर उंच पाषाणांच्या अंगावर वरून खाली पन्हळीसारखे चर पडलेले दिसतील. ते कोरीव काम नाही, हजारो वर्षांच्या पावसानं पाडलेले आहेत. वालुकाश्म मऊ म्हणून त्यावर ते उमटले. शेजारच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर पावसाची तेवढी मात्रा चाललेली नाही. दगडाला हात लावा, टेकून मात्र बसू नका.

राजाची गुहा, किंग्ज केव्ह, याच बाजूला आहे. वनखात्याच्या वाहनतळापासून पाचेक किलोमीटरची गोल चाल, किंवा ब्लॅकवॉटरफुटहून किनाऱ्यानं. वाटेत ड्रुमडूनचा कडा लागतो, खांबासारख्या दगडांचा. रॉबर्ट द ब्रूस राजानं जाळं विणायला पुन्हापुन्हा झटणाऱ्या कोळी किड्याकडं पाहून पुन्हा लढायची हिंमत धरली ती हीच गुहा, असं इथले लोक सांगतात. स्कॉटलंडमध्ये आणखीही काही गुहा तोच मान सांगतात. भिंतींवरच्या जुन्या खोदरेषा मात्र खऱ्या आहेत, टॉर्च न्या.

माख्रीपासून लॉखरॅन्झापर्यंत रस्ता अगदी पाण्याला लागून, जवळजवळ सपाट. पलीकडं किंटायरचा किनारा. मोबाइलला रेंज मधूनमधून जाते, दुकानं तुरळक, म्हणून पाणी आणि खाणं सोबत हवंच. कॅटाकॉलला बारा सारख्या घरांची एक ओळ दिसेल, ट्वेल्व्ह अपॉसल्स. एकोणिसाव्या शतकात दरीतली माणसं हलवून हरणांना जागा केली, तेव्हा त्या माणसांसाठी बांधलेली. वरच्या खिडक्यांचा घाट प्रत्येक घराचा वेगळा आहे. मासेमारीला गेलेल्या नवऱ्याला खिडकीतल्या मेणबत्तीवरून आपलं घर ओळखता यावं म्हणून तसं केलं, अशी गोष्ट आहे.

लॉखरॅन्झाला पडका किल्ला उपसागराच्या जिभेवर उभा आहे आणि तांबडी हरणं गावात, गोल्फच्या हिरवळीवर चरत असतात. त्यांच्या जवळ जाऊ नका, खायला घालू नका. किनाऱ्यानं तासभर चालत गेलं की हटनची विसंगती दिसते. जेम्स हटन हा भूवैज्ञानिक १७८७ साली इथं आला होता. खालचे जुने थर एका बाजूला कललेले आणि त्यांच्यावर बसलेले वालुकाश्माचे थर भलत्याच दिशेनं. त्या दोहोंच्या मध्ये अफाट काळ गेला असला पाहिजे, हा त्याचा विचार पुढं भूशास्त्राचा पाया झाला.

तिसऱ्या दिवशी लॉखरॅन्झाहून निघाल्याबरोबर किनाऱ्याच्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा चढ, बोगुली. समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर जातो. दमसास ठेवून चढा, वरून सॅनॉक्सकडं उतरताना ग्रॅनाइटचे सुळके समोर येतात. पुढं कॉरी, जिथं होड्या बांधायचे खुंट मेंढ्यांसारखे रंगवलेत, आणि मग समुद्राच्या अगदी कडेनं ब्रॉडिक. दुपारपर्यंत पोचाल. संध्याकाळी लवकर झोपा, चौथा दिवस गोट फेलचा.

मधेच हवा बिघडली किंवा कुणी थकलं तर ब्लॅकवॉटरफुटहून ब्रॉडिकला बेटाच्या मधून जाणारा स्ट्रिंग रोड आहे. तो १८१७ साली झाला आणि त्याची आखणी टॉमस टेल्फर्डची. सोळाएक किलोमीटर, पण चढ दांडगा. बेटाभोवती बस फिरते, त्यात सायकल घेतीलच असं धरून चालू नका.

गोट फेल

८७४ मीटर. कळसूबाईच्या १,६४६ पुढं हा आकडा किरकोळ वाटतो, पण कळसूबाईला बारी गावच मुळात बरंच उंचावर आहे. इथं समुद्रापासून सुरुवात, म्हणजे सगळी उंची पायांनीच चढायची. ब्रॉडिकच्या किल्ल्याजवळ क्लॅडाखहून वाट निघते. जाऊन-येऊन पाच-सहा तास. सकाळी आठला पायाशी असा.

सुरुवात झाडीतून, मग हरणांसाठी घातलेल्या कुंपणाचं फाटक, त्यापुढं उघडा माळ. फाटकापाशी थांबून वर बघा. माथा ढगात असेल आणि ढग खाली उतरत असतील तर त्या दिवशी वर जाऊ नका. त्याऐवजी ग्लेन रोझाच्या दरीत जा, ओढ्याच्या काठानं सपाट वाट आहे आणि हिरवट-निळ्या पाण्याचे डोह आहेत. वरच्या पाऊलवाटा ढगात सापडत नाहीत आणि उत्तरेकडं कडे आहेत. कागदी नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ३६१. फोन थंडीत पटकन मरतो.

माळानंतर खांदा लागतो आणि मग शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांचा, तिथं अधूनमधून हात टेकावे लागतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पावसात शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. इथला ग्रॅनाइट खरखरीत, ओला असला तरी बूट धरून ठेवतो. धोका त्याच्यावर पसरलेल्या भरड्या खड्याचा. सपाट शिळेवर तो असला की ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडल्यासारखं होतं. उतरताना सपाट शिळा टाळा, दगडाच्या कडेवर किंवा मातीत पाय द्या. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, काठ्या पुढं. गुडघे दुखतात ते उतरताना, म्हणून माथ्यावर पोहोचलात तेव्हा निम्मी ताकद अंगात उरलेली असली पाहिजे. एक वाजेपर्यंत माथा आला नाही तर असाल तिथून परत फिरा.

माथ्यावर कुठला डोंगर कुठं ते सांगणारी तबकडी आहे. स्वच्छ दिवशी आयर्लंडची किनार दिसते. वाऱ्यापासून जपा, खाली घाम येत असला तरी वर हात बधिर होतात. हातमोजे आणि टोपी जूनमध्येही न्या. पूर्वेचीच वाट धरून परत या. उत्तरेकडची स्टॅखाख धार नवख्यांसाठी नाही.

काही झालं तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. मदत फुकट असते, म्हणून संकोच करू नका.

गोचीड, आग, खाणं

नेच्याच्या दाटीतून किंवा उंच गवतातून चाललात की रात्री अंग तपासा. गुडघ्यामागं, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांच्या कडेला. इथली गोचीड तिळाएवढी, कधी त्याहून लहान. तिच्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. तेल, काडी, नेलपॉलिश काही लावू नका. चिमट्यानं किंवा दुकानात मिळणाऱ्या छोट्या आकड्यानं कातडीला अगदी चिकटून तिचं तोंड पकडा आणि सावकाश ओढा, पोट दाबू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

२००३ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये माळ-डोंगरावर कुणालाही जबाबदारीनं फिरता येतं, तंबूही टाकता येतो. त्या हक्काची किंमत ठेवा. २०२५ साली ग्लेन रोझात वणवा लागला आणि तिथं लावलेली देशी झाडं जळाली. उघड्यावर शेकोटी करू नका, चहाला गॅसची छोटी शेगडी पुरते. एप्रिल-मे कोकरांचे दिवस, मेंढ्यांपासून लांबून जा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हरणांची शिकार चालते, तेव्हा डोंगरात शिरण्याआधी वाटेवरचे फलक वाचा.

शाकाहारी असाल तर मसुराच्या डाळीचं सूप मागवताना एक प्रश्न विचाराच. ते परंपरेनं डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात आणि पाटीवर नुसतं 'लेंटिल सूप' लिहिलेलं असतं. ओटकेक आणि अ‍ॅरनचं चीज वाटेत पोटभरीचं. टॅब्लेट म्हणून साखर, लोणी आणि आटीव दुधाची वडी मिळते, चढाआधी एक तुकडा पुरे. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की न्या. दशमी दोन दिवस नीट टिकते. दर पाऊण तासाला थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका.

परत आल्यावर सायकल स्वतःची असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. चार दिवस समुद्राचे तुषार खाल्लेल्या चेनवर आठवडाभरात तांबेरा चढतो. जोराचा पाइप लावू नका, बेअरिंगचं ग्रीस निघून जातं. बादली आणि फडकं घ्या, चेन कोरडी पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटांनी जादा तेल पुसून टाका.